चायनीज : एका विशेषणाची गोष्ट

उत्तरायणाच्या दिवशी बडोद्यात भूलतज्ज्ञाला सुटी नसते, हे या स्मरणिकेच्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. दुपारी चारच्या पुढे दूरध्वनी खणखणू लागतात. गच्चीवरून पडलेली मुले, कापलेली बोटे, आणि दुचाकीवरून जाताना गळ्यात दोरी अडकलेले बिचारे वाटसरू. काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका १४ जानेवारीला पंचविशीचा एक तरुण शस्त्रक्रियागृहात आणला गेला. दोरीने कातडी आणि स्नायू चिरून श्वासनलिकेलाच भोक पाडले होते. प्रत्येक श्वासागणिक जखमेतून रक्ताचे बुडबुडे येत होते. नेहमीप्रमाणे तोंडातून नळी घालण्यात अर्थ नव्हता. आमच्या कान-नाक-घसा तज्ज्ञ मित्राने जखमेच्या कडा धरून ठेवल्या आणि मी त्या भोकातूनच नळी आत सरकवली. तरुण वाचला. रात्री उशिरा बाहेर आलो तेव्हा त्याच्या वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "साहेब, चायनीज दोरी होती ना?" मी मान डोलावली.

पंचनाम्यासाठी आलेला हवालदार शेजारीच उभा होता. तो हसून म्हणाला, "साहेब, नाम ज चायनीज छे, माल तो आपणो छे."

त्याचे म्हणणे खरे होते. कृत्रिम धाग्यावर काचेची वा धातूची भुकटी चढवून केलेली ही दोरी बहुतांशी भारतातच तयार होते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये तिच्यावर देशभर बंदी घातली, तरी ती चोरून विकली जाते आणि 'चायनीज' म्हणूनच विकली जाते. जे स्वस्त, जे धोकादायक, ज्याची हमी कोणी देत नाही ते चायनीज, असा या शब्दाचा अर्थ आपल्या बोलण्यात इतका रुजला की वस्तू कोठे बनली हे पाहण्याचीही गरज उरली नाही. मंगळबाजारातला दुकानदार दिवाळीच्या दिव्यांची माळ हाती देताना आपणहून सांगत असे, "चायनीज छे, गॅरंटी नथी." ग्राहकही ते मान्य करूनच माळ घरी नेत असे.

देशाच्या नावाचे असे विशेषण होणे जगाला नवीन नाही. १८८७ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून परदेशी मालावर तो कोठे बनला हे छापणे भाग पाडले. रोख मुख्यतः जर्मन मालावर होता. शेफिल्डच्या सुऱ्या-कात्र्यांची नक्कल करून जर्मन कारखानदार बाजार बिघडवतात, अशी इंग्रज कारखानदारांची तक्रार होती. लोकांना सावध करण्यासाठी छापायला लावलेले 'मेड इन जर्मनी' हे तीन शब्द पुढे अभिमानाने मिरवले जाऊ लागले. जपानचेही तेच. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी माल म्हणजे तकलादू खेळणी असे समीकरण होते. १९५० मध्ये अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी तेथील अभियंत्यांना गुणवत्ता-नियंत्रणावर व्याख्याने दिली आणि पुढल्याच वर्षी त्यांच्या नावाने पारितोषिक सुरू झाले. नंतरचा इतिहास आपल्या घरातल्या रेडिओपासून मोटारीपर्यंत सर्वांनी पाहिला आहे.

पण चीनला हे नाव विनाकारण चिकटले असे म्हणता येणार नाही. माझ्या स्वतःच्या मनात ते घट्ट बसले ते २००८ साली, आणि त्याला कारण झाले हेपॅरिन. हृदयशस्त्रक्रियेच्या भूलतज्ज्ञाला हेपॅरिन म्हणजे स्वयंपाकघरातल्या मिठासारखे; त्यावाचून पान हलत नाही. हे औषध डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून काढतात आणि डुकरांची सर्वांत मोठी पैदास चीनमध्ये असल्याने कच्च्या हेपॅरिनचा मोठा वाटा तेथूनच येतो. २००७ च्या सुमारास तेथे डुकरांमध्ये मोठी साथ पसरली, कच्चा माल आटला आणि भाव चढले. त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकेत सेंट लुईस येथील एका बालरुग्णालयात डायलिसिस घेणाऱ्या मुलांचा रक्तदाब हेपॅरिन दिल्यावर अचानक कोसळू लागला. चेहरे सुजले, श्वास अडकले. देशभरातून अशाच तक्रारी आल्या. या प्रकरणाशी अमेरिकेत जोडल्या गेलेल्या मृत्यूंचा आकडा ८१ सांगितला जातो.

या हेपॅरिनमध्ये जे सापडले त्याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. ते होते प्रमाणाबाहेर सल्फेट चढवलेले काँड्रॉइटिन. काँड्रॉइटिन प्राण्यांच्या कूर्चेपासून निघते आणि हेपॅरिनच्या मानाने अतिशय स्वस्त असते. त्यावर रासायनिक प्रक्रिया करून त्याचे असे रूप तयार केले होते की रक्त गोठण्यास लागणारा वेळ मोजणाऱ्या प्रचलित चाचणीत ते हेपॅरिनसारखेच वागावे. औषधकोशातली चाचणी पार पडत होती. भेसळ उघडी पडली ती चुंबकीय अनुनादाने रेणूची रचना तपासली तेव्हा. म्हणजे हा गबाळेपणा नव्हता, अज्ञान नव्हते. चाचणी कोणती होणार आहे हे नीट जाणणाऱ्या कोणी रसायनज्ञाने त्या चाचणीला फसवण्यासाठीच हा पदार्थ निवडला असणार, असे मानण्यावाचून गत्यंतर नाही. दुसरी बाजूही तितकीच बोलकी आहे. चांगचौ शहरातल्या ज्या कारखान्यातून हा माल येत होता, त्याची तपासणी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता देण्यापूर्वी केलीच नव्हती. सारख्या नावाच्या दुसऱ्याच कारखान्याशी गफलत होऊन तपासणी झालेली आहे असे कागदोपत्री धरले गेले.

त्याच वर्षी मुलांच्या दुधाचे प्रकरण झाले. पाणी घातलेल्या दुधात प्रथिनांचे प्रमाण भरपूर दिसावे म्हणून मेलामाइन मिसळले गेले. प्रथिने मोजण्याची नेहमीची पद्धत खरे तर नायट्रोजन मोजते आणि मेलामाइनच्या वजनाचा दोन-तृतीयांश भाग नायट्रोजनच असतो. चाचणी पुन्हा उत्तीर्ण. चीनच्या अधिकृत आकड्यांनुसार सुमारे ३ लाख अर्भके आजारी पडली, त्यांच्या मूत्रपिंडांत खडे झाले आणि सहा बालके दगावली. हे परदेशी ग्राहकांचे नव्हे, त्यांच्याच घरचे बळी होते. आदल्याच वर्षी, जुलै २००७ मध्ये, तेथील औषध प्रशासनाच्या माजी प्रमुखाला लाचखोरीसाठी देहदंड दिला गेला होता. त्याची जरब किती बसली ते या प्रकरणांनी दाखवले.

येथे मान ताठ करून बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हेही सांगून टाकतो. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. २०२२ मध्ये गांबियात सुमारे ७० मुलांच्या मृत्यूचा संबंध ज्या खोकल्याच्या औषधांशी जोडला गेला ती भारतात बनली होती. आणि २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, छिंदवाड्यात, डायएथिलीन ग्लायकॉल असलेल्या अशाच औषधाने वीसहून अधिक बालके गेली. गांबियातल्या एखाद्या आईच्या तोंडी 'इंडियन' हे विशेषण आज कोणत्या अर्थाने येत असेल, याची कल्पना करून पाहावी.

तर २००८ नंतर माझे मत पक्के होते. म्हणून २०१० मध्ये मी ज्या नर्सिंग होममध्ये नियमित भूल देत असे तेथल्या मालकांनी चिनी बनावटीचा मॉनिटर घेण्याचे ठरवले तेव्हा मी स्पष्ट विरोध केला. "माझ्या रुग्णाचे हृदय बंद पडल्यावर हे यंत्र दुसऱ्या दिवशी सांगेल," असे काहीसे कडवट बोलल्याचे स्मरते. मालक माझ्यापेक्षा वयाने मोठे आणि हिशेबात पक्के. ते म्हणाले, "अरे, सहा महिने वापरून बघ. नाही पटलं तर परत करू." यंत्र शेनझेनच्या माइंड्रे कंपनीचे होते. मी पहिले काही आठवडे जुना अमेरिकी मॉनिटर शेजारी लावून आकडे ताडून पाहत असे. आकडे जुळत. सहा महिने गेले, वर्ष गेले. पुढे जुन्या यंत्राचे सुटे भाग मिळेनासे झाले आणि ते अडगळीत गेले. चिनी यंत्र त्यानंतरही नऊ वर्षे चालले. मी माझे शब्द मागे घेतले, मात्र मालकांनी ते कधी विसरू दिले नाहीत.

मी नाराजीने ज्या कंपनीकडे पाहत होतो तिची माहिती मी नंतर काढली. १९९१ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली होती आणि २००८ मध्ये, म्हणजे हेपॅरिनच्याच वर्षी, तिने डेटास्कोप या अमेरिकी कंपनीचा मॉनिटरचा संपूर्ण विभाग विकत घेतला होता. एकाच देशाच्या एकाच वर्षाच्या या दोन गोष्टी. वर्तमानपत्रातून मला त्यांतली एकच कळली होती.

हा बदल एका रात्रीत घडलेला नाही. चिंगदाओ शहरातल्या एका डबघाईच्या फ्रीजच्या कारखान्याची कथा तेथे शाळकरी मुलालाही ठाऊक असते म्हणतात. १९८५ मध्ये व्यवस्थापक चांग रुईमिन यांनी गोदाम तपासले तेव्हा ७६ फ्रीज सदोष निघाले. त्या काळी चीनमध्ये फ्रीजसाठी रांगा लागत. सदोष मालही कोणी आनंदाने नेला असता. कामगारांनी तो स्वस्तात आम्हालाच द्या असे सुचवले. चांग यांनी मोठा घण मागवला आणि ज्यांनी ते बनवले त्यांनाच ते फोडायला लावले. त्या कारखान्याचे नाव पुढे हायर झाले. या कथेत थोडी नाटकीपणाची फोडणी आहे, आणि केवळ घणाने देश बदलत नाही. त्यामागे जर्मन कंपनीकडून आणलेले तंत्रज्ञान होते, बंदरे, वीज आणि रस्ते होते, २००१ मधला जागतिक व्यापार संघटनेतला प्रवेश होता, सरकारी बँकांचे स्वस्त कर्ज होते, आणि २०१५ मध्ये जाहीर झालेल्या 'मेड इन चायना २०२५' या योजनेत वैद्यकीय उपकरणांना दिलेले अग्रस्थानही होते. २०११ मध्ये शांघायमध्ये स्थापन झालेल्या युनायटेड इमेजिंगने कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस विद्यापीठातील संशोधकांसह डोक्यापासून पायापर्यंत संपूर्ण शरीराचे चित्र एकदम घेणारा पेट-सीटी स्कॅनर २०१८ मध्ये प्रत्यक्षात आणला. हे नक्कल करून येण्यासारखे काम नव्हे.

आता २०२१ च्या एप्रिलमधली एक आठवण. ते दिवस आपण सर्वांनी पाहिले आहेत, त्यांचे वर्णन करीत नाही. दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांना ताप होता. त्यांच्या मुलाने रात्री दार वाजवले. "काका, बाबांचा ऑक्सिजन शहाण्णव दाखवतोय, पण दम फार लागतोय." मी गेलो. सर खाटेवर पुढे वाकून बसले होते, ओठ काळसर झाले होते. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर ९६ झळकत होते. मी माझा ऑक्सिमीटर लावला. ७९. पुन्हा लावला, दुसऱ्या बोटाला लावला. ७९, ८१. मुलाच्या यंत्रात मी टेबलावरची पेन्सिल घातली. यंत्राने क्षणभर विचार केला आणि ९७ टक्के ऑक्सिजन व मिनिटाला ७२ ठोके दाखवले. त्या लाकडाच्या कांडीची प्रकृती सरांपेक्षा उत्तम होती.

सरांना रात्रीच दाखल केले. खाट मिळाली हेच नशीब. ते सतरा दिवसांनी घरी आले. दोन दिवस ते ९६ च्या भरवशावर घरी बसून होते; आणखी एक दिवस गेला असता तर हा परिच्छेद मी लिहिला नसता. नंतर सवड मिळाल्यावर मी दोन्ही ऑक्सिमीटर उलटे करून पाहिले. दोन्ही शेनझेनचे. मुलाचे यंत्र सातशे रुपयांना एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून आलेले, वर कोणत्याही निर्मात्याचे नाव नाही, फक्त गाव. माझे पाच वर्षे जुने, तपासून घेतलेले, निर्मात्याचे नाव आणि क्रमांक असलेले. रुग्णालयात ज्या मॉनिटरवर सरांचे सतरा दिवस मोजले गेले तेही चिनीच होते. 'चायनीज' या शब्दाने या तीन यंत्रांबद्दल काहीच सांगितले नसते. सांगणारी गोष्ट होती ती खरेदी कोणी केली, काय मागितले आणि काय तपासले ही. ते सातशे रुपयांचे यंत्र मागवणारा व्यापारी आपलाच होता. त्याने स्वस्त मागितले, त्याला स्वस्त मिळाले.

मात्र वाईट चिनी मालाने आपले जेवढे नुकसान केले त्याहून अधिक नुकसान चांगल्या चिनी मालाने केले, असे माझे मत आहे. उदाहरण पेनिसिलिनचे. महाराष्ट्रात पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९०७ मध्ये प्रा. गज्जर, प्रा. कोटिभास्कर आणि अमीन यांनी सुरू केलेल्या आपल्या बडोद्याच्या अलेम्बिकनेही १९६१ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन हाती घेतले. आम्ही विद्यार्थी असताना वॉर्डातल्या पेनिसिलिनच्या कुप्या देशी आहेत याचे कोणाला अप्रूप नव्हते. पेनिसिलिन जी हे बुरशी आंबवून मिळते. त्याला साखर, वाफ आणि अखंड वीज लागते, टाक्या प्रचंड लागतात आणि सांडपाण्याची व्यवस्था करावी लागते. चीनने हे सर्व एवढ्या मोठ्या प्रमाणावर उभारले की त्यांचा विक्रीचा भाव आपल्या उत्पादनखर्चाच्याही खाली गेला. आयातकर उतरलेले होते. आपल्या गोळ्या-कॅप्सूल बनवणाऱ्या कंपन्यांनी आनंदाने तो माल घेतला, कारण तो स्वस्त होता आणि दर्जाने योग्यही होता. एकेक करून भारतातल्या टाक्या थंड झाल्या. अमॉक्सिसिलिनचा पाया असलेले सहा-एपीएदेखील तेथूनच येऊ लागले. आपण जगाचे औषधालय म्हणवून घेत होतो आणि औषधांच्या कच्च्या मालाच्या आयातीतला सुमारे ७० टक्के भाग एकाच देशातून येत होता.

याची किंमत रुपयांत मोजता येत नाही. २०१५ च्या सुमारास अनेक देशांत बेंझाथीन पेनिसिलिनचा तुटवडा पडला. हे जुने, साधे इंजेक्शन. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप बिघडलेल्या मुलाला ते दर तीन आठवड्यांनी द्यावे लागते. कच्चा माल बनवणारे कारखाने जगात मोजकेच, बहुतेक चीनमध्ये. बालरोगतज्ज्ञ मित्रांनी तेव्हा दुकानोदुकानी चौकश्या केल्या, हे आठवते. ज्या मुलांची इंजेक्शने चुकली त्यांच्यापैकी काहींच्या झडपा पुढे आमच्या टेबलावर आल्या असतील का, हा प्रश्न मी मनातून काढू शकलेलो नाही.

२०२० मध्ये महामारीने डोळे उघडले. कच्च्या औषधांच्या देशी उत्पादनासाठी केंद्र सरकारने ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना जाहीर केली आणि २०२४ मध्ये आंध्रातील काकीनाड्यात पेनिसिलिन जीचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. चिनी भावाशी ते किती काळ टक्कर देऊ शकेल हे आपण अमॉक्सिसिलिनच्या पट्टीला दोन रुपये जास्त मोजायला तयार आहोत की नाही यावरही अवलंबून आहे, आणि ही तयारी आपण आजवर क्वचितच दाखवली आहे.

युरोपचीही हीच अडचण झाली आहे. जून २०२५ मध्ये युरोपीय संघाने ५० लाख युरोंहून मोठ्या सरकारी वैद्यकीय खरेदीतून चिनी कंपन्यांना वगळले. माल वाईट असतो असे कारण कोणी दिले नाही. चीन स्वतःच्या रुग्णालयांत युरोपीय यंत्रांना शिरू देत नाही, ही तक्रार होती. महिन्याभरात चीननेही तसाच निर्बंध घातला. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकी औषध प्रशासनाने कॉन्टेक या चिनी कंपनीच्या एका मॉनिटरबद्दल इशारा दिला. त्यातून रुग्णाची माहिती इंटरनेटवरच्या एका ठराविक पत्त्यावर जाऊ शकते असे आढळले होते. २००८ मध्ये आम्ही विचारत होतो की यंत्र बरोबर आकडा दाखवते का. आता विचारावे लागते की तो आकडा ते आणखी कोणाला दाखवते.

मागल्या महिन्यात आमच्या रुग्णालयाच्या खरेदी समितीत दोन व्हेंटिलेटरांचा विषय होता. तीन प्रस्ताव होते, एक जर्मन, एक चिनी, एक भारतीय. तरुण सहकाऱ्यांनी कोणत्या देशाचे हे विचारलेच नाही. एकीने विचारले, "सर्व्हिस इंजिनिअर कोठे राहतो?" दुसऱ्याने विचारले, पाच वर्षांनी सुटे भाग मिळतील याची लेखी हमी कोण देतो? भारतीय यंत्राच्या प्रतिनिधीला मी त्यातले सेन्सर आणि झडपा कोठून येतात असे विचारले. तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "साहेब, काही भाग शेनझेनहून." निर्णय पुढच्या बैठकीपर्यंत तहकूब झाला. तिन्ही यंत्रे तूर्त आमच्या शस्त्रक्रियागृहात चाचणीसाठी ठेवली आहेत, आणि मी रोज सकाळी त्यांचे आकडे एका वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवतो आहे.